कल्याण बंदर, कान्हेरीचे दाते आणि अनित्यतेचा बोध

अनित्यतेचा सिद्धांत आपल्या विहारांतून नित्य सांगितला जातो. तथापि व्यवहारात तो बहुधा मृत्यूच्या प्रसंगी सांत्वन करण्यापुरताच उरतो. अकस्मात ओढवलेल्या बदलाला जिवंत माणसांनी कसे सामोरे जावे, या प्रश्नाशी त्याचा संबंध क्वचितच जोडला जातो. प्रस्तुत लेखात हा संबंध कल्याण नगरीच्या प्राचीन इतिहासाच्या आधारे पाहावयाचा आहे.

इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका अनामिक लेखकाने ग्रीक भाषेत लिहिलेला 'पेरिप्लस' हा सागरी व्यापाराचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. थोरल्या 'सारगानोस'च्या काळात हे बंदर अधिकृत व्यापारपेठ बनले होते. पुढे ते 'सांदारेस'च्या ताब्यात आल्यावर तेथील व्यापाराची कोंडी झाली आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला, नेली जाऊ लागली, असे हा ग्रंथ सांगतो. 'सारगानोस' हे सातकर्णी या नावाचे ग्रीक रूप मानले जाते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाची झळ अशा रीतीने एका बंदराला बसली. उल्हास नदीच्या खाडीवर ज्यांचे पोट अवलंबून होते, त्या नावाडी, हमाल, कारागीर व व्यापाऱ्यांचा या राजकीय निर्णयात काहीही वाटा नसणार. परिणाम मात्र त्यांनाच भोगावे लागले असणार.

यापुढचा पुरावा कान्हेरीच्या लेण्यांत मिळतो. साष्टी बेटावरील या 'कण्हगिरी'च्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे वारंवार आढळतात. कोणी सुवर्णकाराने पाण्याची पोढी दिली, तर कोणी लोहाराने वाट बांधून दिली. यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीच्या 16 व्या वर्षाचा एक लेख या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यानुसार कल्याणचा रहिवासी अपरेणु या व्यापारी उपासकाने आपल्या कुटुंबीयांसह भद्रायनीय भिक्खूंसाठी लेणे दान केले. शिवाय 200 कार्षापणांची अक्षयनीवि आणि मंगलस्थान, म्हणजे आजचे मागाठाणे, या गावातील शेत दिले. यज्ञश्रीचा काळ सामान्यतः दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मानला जातो. म्हणजेच बंदराची कोंडी झाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कल्याणात व्यापारी आहेत, श्रद्धावान उपासक आहेत आणि दान देण्याइतकी संपन्नताही आहे.

मधल्या काळात या माणसांनी काय सोसले, हे शिलालेख सांगत नाहीत. इतके मात्र निश्चित की, जहाजे वळविली गेली म्हणून नगर ओस पडले नाही. अक्षयनीवि ही संकल्पनाही येथे अर्थपूर्ण ठरते. मूळ रक्कम न मोडता तिच्या व्याजातून दान चालू ठेवावयाचे, अशी ती व्यवस्था होती. संपत्ती आणि आयुष्य टिकणारे नाही, हे ज्याला उमगले आहे, तोच आपल्या पश्चात भिक्खूंना चीवर मिळत राहावे याची तजवीज करतो. अनित्यतेचा बोध येथे हताशपणाला नव्हे, तर जबाबदारीला जन्म देतो.

पालि वाङ्मयातही हेच दिसते. महापरिनिब्बान सुत्तातील तथागतांच्या अंतिम उपदेशाचे दोन भाग आहेत. पहिल्यात संस्कारांच्या व्ययधर्माचे कथन आहे आणि दुसऱ्यात अप्पमादाने कार्य तडीस नेण्याचा आदेश आहे. आपण पहिला भाग लक्षात ठेवतो व दुसरा विसरतो. अट्ठकथेनुसार सोपाऱ्याचा व्यापारी असलेला पुण्ण भिक्खू झाल्यावर सुनापरांताला निघतो. तेथील लोक शिवीगाळ करतील, मारतील, तर काय करशील, असे भगवान विचारतात. प्रत्येक शक्यतेला शांत चित्ताने उत्तर देऊनही पुण्ण जाण्याचा बेत सोडत नाही. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिकांना धम्मात प्रतिष्ठित केले, असे सुत्त सांगते. चित्ताची उपेक्खा आणि कार्याचा नेट यांत विरोध नाही, हे यावरून ध्यानात येते.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. बदलाचा स्वीकार म्हणजे अन्यायापुढे शरणागती नव्हे. दुःखाला पूर्वजन्मीचे कर्म कारण मानणारी विचारसरणी बाबासाहेबांनी नाकारली. मुंबईच्या गिरण्यांतील विणखात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. तो मज्जाव माणसांनी लादलेला होता आणि माणसांनीच तो मोडावयाचा होता. त्याच गिरण्यांत 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर अक्षरशः लाखो कुटुंबांचा आधार तुटला. थकलेल्या देण्यांसाठी आणि हक्काच्या घरासाठी लढणे हे कर्तव्यच होते. परंतु भोंगा पुन्हा वाजेल या आशेवर बसून राहणे हे धम्माला धरून नव्हते. काय बदलावयाचे आणि काय स्वीकारावयाचे, हा विवेक म्हणजेच योनिसो मनसिकार होय.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या फलाटांवर रोज लोटणाऱ्या गर्दीत अनेकांच्या मनात उद्याच्या नोकरीची धास्ती असते. त्यांना अनित्यता सांगताना आपण केवळ पहिलाच भाग सांगू नये. कान्हेरीची वाट बांधून देणाऱ्या कल्याणच्या त्या लोहाराचीही आठवण त्यांना करून द्यावी.