योयोगीचा तरणतलाव

१९६४ सालच्या टोकियो ऑलिंपिकचे नाव निघाले, की आपल्याला हॉकीचे सुवर्णपदक आठवते. आज मात्र त्याच वर्षीच्या एका तरणतलावाची हकीकत सांगावयाची आहे.

पोहणे हा जपानचा मानाचा खेळ. १९३२ साली लॉस एंजेलिसला पुरुषांच्या ६ शर्यतींपैकी ५ जपानने जिंकल्या होत्या. महायुद्धानंतर, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला, या पराभूत देशाला बोलावणेच आले नाही. तेव्हा त्याच सुमारास जपानने टोकियोत आपल्या राष्ट्रीय शर्यती भरविल्या, आणि हिरोनोशिन फुरुहाशी याने १५०० मीटरचे अंतर लंडनच्या विजेत्यापेक्षा ४० सेकंदांहून कमी वेळात तोडले. उपाशीपोटी दिवस काढणाऱ्या लोकांना त्या बातमीने केवढा धीर आला असेल!

ऑलिंपिक टोकियोला आले तेव्हा या खेळासाठी निवडलेली जागाही अर्थपूर्ण होती. योयोगी हे पूर्वी शाही सैन्याचे कवायतीचे मैदान. पराभवानंतर तेथे अमेरिकन लष्करी कुटुंबांची वसाहत उभी राहिली. ती भूमी परत मिळाल्यावर १९६३ च्या फेब्रुवारीत बांधकामास आरंभ झाला आणि अवघ्या दीड वर्षात ते पुरे झाले.

वास्तुशिल्पी होते केंझो तांगे, अभियंता योशिकात्सु त्सुबोई. दहा हजारांहून अधिक प्रेक्षकांना पाणी विनाअडथळा दिसले पाहिजे, म्हणजे मध्ये एकही खांब नको. यावरची युक्ती तशी आपल्या परिचयाचीच आहे. दोन खुंटांना दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकली, की आडोसा होतो. येथे खुंट म्हणजे एकमेकांपासून १२६ मीटर अंतरावरचे दोन काँक्रीटचे स्तंभ, दोरी म्हणजे पोलादी दोरखंड, आणि घोंगडी म्हणजे पोलादी पत्र्याचे छप्पर. दोन्ही दोरखंड मध्यावर एकमेकांपासून फाकतात, आणि त्या फटीतून उजेड खाली पाण्यावर उतरतो. वादळात छप्पर हेलकावू नये म्हणून दोरखंडांना हिसके शोषून घेणारी यंत्रेही जोडलेली होती.

इतक्या हौसेने बांधलेल्या या तलावात डॉन शोलँडर या अमेरिकन तरुणाने ४ सुवर्णपदके मिळविली. ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझरने १०० मीटरची शर्यत लागोपाठ तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये जिंकली. पोहण्याच्या १८ सुवर्णपदकांपैकी १३ अमेरिकेकडे गेली. यजमानांच्या वाट्याला आले एक कांस्यपदक. घरचे कार्य, आणि जेवून गेले पाहुणे!

पुढे हिवाळ्यात त्याच तलावावर बर्फ गोठवून लोक घसरगाडीच्या बुटांनी फिरू लागले. कालांतराने तलाव कायमचा झाकला गेला. टोकियोचे दुसरे ऑलिंपिक २०२१ साली भरले, तेव्हा पोहण्याच्या शर्यती दुसरीकडे, नव्या तलावात झाल्या. योयोगीच्या छपराखाली त्या वेळी हँडबॉलचे सामने चालले होते. त्याच वर्षी जपान सरकारने ही वास्तू महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केली.