भातातील आर्सेनिक आणि कॅडमियम : घरच्या घरी करता येणारे उपाय

सकाळी पेज आणि दोन्ही वेळा भात, असा आहार असलेली घरे गोव्यात आजही पुष्कळ आहेत. रोज पोटात जाणाऱ्या अन्नात एखादे विषारी द्रव्य थोडे जरी असले, तरी वर्षानुवर्षांची बेरीज मोठी होते. म्हणून तांदळातील दोन द्रव्यांविषयीची माहिती सभासदांच्या कुटुंबांसाठी येथे एकत्र देत आहे. भात सोडण्याचे कारण नाही. तो कसा शिजवतो आणि जोडीला काय खातो, एवढे पाहिले तरी बराच फरक पडतो.

आर्सेनिक : पातेल्यातच कमी करावे

भाताच्या खाचरात पाणी साचलेले असते. त्या चिखलात हवा पोहोचत नाही, त्यामुळे मातीला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते. भाताचे रोप ज्या वाटेने सिलिका घेते, त्याच वाटेने तेही आत शिरते. म्हणून गहू-ज्वारीपेक्षा तांदळात ते अधिक सापडते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात कित्येक भागांत भूजलातच आर्सेनिक असल्याने तेथे हा प्रश्न गंभीर आहे.

असेंद्रिय आर्सेनिक दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचा, फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने २०१४ मध्ये पॉलिश केलेल्या तांदळासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ठरवली. हातसडीच्या तांदळात कोंडा राहतो, त्यामुळे पोषणाबरोबर आर्सेनिकही जास्त असते.

अन्नपाण्यातून आलेले हे आर्सेनिक आतडी बहुतांशी शोषून घेतात. म्हणून ते शिजवतानाच काढलेले बरे. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलेली पद्धत अशी :

१. एक वाटी तांदळाला चार वाट्या पाण्याचे आधण ठेवावे.
२. आधण आल्यावर धुतलेले तांदूळ घालून पाच मिनिटे उकळावे.
३. ते पाणी ओतून टाकावे.
४. दोन वाट्या ताजे पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर भात शिजवावा.

त्यांच्या चाचणीत या पद्धतीने पांढऱ्या तांदळातील आर्सेनिक सुमारे ७४ टक्के, तर हातसडीच्या तांदळातील ५० टक्क्यांहून अधिक कमी झाले. भरपूर पाण्यात शिजवून भात वेळून काढण्याची आपली जुनी रीतही उपयोगी आहे. मात्र ते पाणी पेज म्हणून प्यायले किंवा आमटीत घातले, तर निघालेले आर्सेनिक परत पोटात जाते. पाणी टाकल्याने ब गटातील काही जीवनसत्त्वेही जातात; ती डाळी, कडधान्ये व भाज्यांतून भरून काढावीत. कुकरमध्ये पाणी पूर्ण आटवल्यास आर्सेनिक भातातच राहते.

कॅडमियम : शरीरातील लोह सांभाळावे

जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या दूषित पाण्यावर पिकलेल्या भातामुळे लोकांना हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा आजार झाला. त्याचे कारण कॅडमियम असल्याचे तेथील सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. हा धातू मूत्रपिंडात साठतो आणि तेथे अनेक वर्षे टिकतो.

वेळून काढल्याने कॅडमियम फारसे जात नाही. पण अन्नातील कॅडमियमपैकी थोडेच टक्के शरीर शोषते. आतड्यांतून लोह ज्या वाटेने शोषले जाते, तीच वाट कॅडमियमही वापरते. रक्तात लोह कमी असले की ही वाट अधिक उघडते, म्हणून पाळी येणाऱ्या व गरोदर स्त्रियांना धोका जास्त. कडधान्ये, पालेभाज्या, मासे आहारात असावेत. वरून लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घ्यावा. लोहाच्या गोळ्या मात्र रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

लहान मुले

वजनाच्या मानाने मुले जास्त खातात. त्यामुळे बाळाला केवळ तांदळाच्या पेजेवर ठेवू नये. आलटून पालटून नाचणीचे सत्त्व व मुगाचे वरण द्यावे. मोठ्यांनीही आठवड्यातून काही जेवणांत भाताऐवजी नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी घ्यावी. धान्य बदलते ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.