स्पोर्ट्स कार घ्यायची, तर इंजिन लहान कशाला? मझदा एमएक्स-५चं गणित समजून घ्या

स्पोर्ट्स कार म्हटलं की मोठं इंजिन आणि मोठा आवाज, असंच आपल्या डोक्यात असतं. पण जपानच्या मझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी घेताना काही जण मुद्दाम लहान इंजिन निवडतात. २०१५मध्ये आलेल्या या गाडीच्या चौथ्या पिढीत दोन इंजिनं होती: १.५ लिटर आणि २ लिटर. मोठं परवडत असूनही लहान का घ्यायचं?

आधी 'सीसी' म्हणजे काय?

बाईकमुळे हा शब्द आपल्याला पाठ आहे. पिस्टन वर-खाली होताना सगळ्या सिलिंडरमध्ये मिळून जेवढी जागा व्यापतात, ते इंजिनाचं आकारमान. १,००० सीसी म्हणजे १ लिटर. जागा जास्त, तर आत जाणारी हवा आणि पेट्रोल जास्त, म्हणून ताकदही जास्त. एमएक्स-५च्या दोन्ही इंजिनांना टर्बो नाही, त्यामुळे हा हिशोब इथे सरळ लागू पडतो.

आकडे काय सांगतात?

युरोपात विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या गाड्यांचे आकडे असे:

• १.५ लिटर: ७,००० आरपीएमला १३१ पीएस ताकद, ० ते १०० किमी वेग ८.३ सेकंदांत
• २ लिटर: ६,००० आरपीएमला १६० पीएस ताकद, ० ते १०० किमी वेग ७.३ सेकंदांत

म्हणजे कागदावर मोठं इंजिनच जिंकतं. पण आरपीएमचा आकडा पुन्हा बघा. लहान इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत फिरायचं, मोठं ६,८०० पर्यंत. याचं एक कारण पिस्टनच्या प्रवासात आहे. लहान इंजिनात पिस्टन एका फेरीत ८५.८ मिलिमीटर सरकतो, मोठ्यात ९१.२ मिलिमीटर. अंतर जास्त आणि पिस्टनही मोठा, त्यामुळे तेवढ्याच वेगाने फिरताना इंजिनाच्या भागांवर ताण जास्त येतो.

मग मजा कशात आहे?

खूप ताकदवान गाडीत दुसऱ्याच गिअरमध्ये ताशी १०० किमी ओलांडले जातात. साध्या रस्त्यावर अशी गाडी पूर्ण ताकदीने चालवताच येत नाही. १.५ लिटरच्या गाडीत मात्र अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबता येतो, गिअर मनासारखे बदलता येतात आणि तरी वेग आवाक्यात राहतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. लहान इंजिनाची गाडी सुमारे २५ किलोने हलकी आहे. इंजिन पुढे असल्यामुळे त्याचा भार नाकावर येतो. तो कमी झाला की गाडी वळणात पटकन आत शिरते. जपानमधल्या सर्वात हलक्या मॉडेलचं वजन ९९० किलो होतं. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, या अर्थाचं 'जिन्बा इत्ताई' हे तत्त्व मझदा या गाडीसाठी वापरते. १९८९मध्ये आलेल्या पहिल्या एमएक्स-५लाही १.६ लिटरचंच इंजिन होतं.

करांचाही हात आहे

२०१५मध्ये जपानमध्ये कापडी टपाची गाडी फक्त १.५ लिटरमध्ये आली, तर अमेरिकेत फक्त २ लिटरमध्ये. जपानमध्ये दरवर्षीचा वाहन कर इंजिनाच्या आकारावर ठरतो आणि १.५ लिटरच्या वर गेलं की तो वाढतो. आपल्याकडेही असंच आहे. सप्टेंबर २०२५पासून १,२०० सीसीपर्यंतच्या आणि ४ मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल कारवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या कारवर ४० टक्के.

पण गोष्ट इथे संपत नाही

२०१८मध्ये मझदाने २ लिटर इंजिनाचे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले. आता तेही ७,५०० आरपीएमपर्यंत फिरू लागलं आणि ताकद १८४ पीएसवर गेली. थोडक्यात, लहान इंजिनाचा मोठा गुण मोठ्यानेही उचलला.

उलट उदाहरण मर्सिडीज-एएमजी सी६३चं. २०२२मध्ये या गाडीत ४ लिटर व्ही८ इंजिनाच्या जागी २ लिटरचं इंजिन आणि सोबत हायब्रिड यंत्रणा आली. एकूण ताकद ६८० पीएस झाली, पण बॅटरी आणि मोटरसह वजन २,१०० किलोच्या वर गेलं. नुसतं इंजिन लहान केलं म्हणून गाडी हलकी होत नाही.

कोणी काय घ्यावं?

हायवेवर लांबचा प्रवास, वारंवार ओव्हरटेक आणि कमी आरपीएमलाही जोर हवा असेल, तर २ लिटर सोयीचं. वारंवार गिअर बदलायचा कंटाळा असेल तरीही तेच. पण रविवारी सकाळी वळणावळणाच्या घाटरस्त्यावर गाडी काढायची असेल आणि एक सेकंद उशिरा १०० गाठण्याची खंत नसेल, तर १.५ लिटर पुरेसं आहे. शक्य असेल तर दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवून बघाव्यात, कारण स्टिअरिंग हातात घेतल्यावर जाणवणारा फरक आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही.