यजमानांचे गाणे

इ. स. १६०१ मध्ये येशूसंघीय फादर मातेओ रिची यांनी पेकिंग येथे चीनच्या वान्ली सम्राटास जो नजराणा पाठविला, त्यात पियानोचे पूर्वज असे क्लाव्हिकॉर्ड हे वाद्य होते. दरबारी सेवकांना ते वाजविण्याचे धडे फादर पांतोहा यांनी दिले. त्या वाद्यावर गाण्यासाठी रिचींनी चिनी भाषेत आठ गीते रचली.

पुढे अठराव्या शतकात फादर आमियो यांनी तेथील विद्वानांना रामो या फ्रेंच संगीतकाराच्या रचना हार्पसिकॉर्डवर ऐकविल्या. श्रोत्यांचे चेहरे थंडच राहिले! तेव्हा त्यांच्या कानांना दोष देऊन न थांबता आमियो स्वतःच चिनी संगीताचे विद्यार्थी झाले. त्यांचा त्याविषयीचा ग्रंथ १७७९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला.

१९५५ साली वॉर्सातील शोपँ स्पर्धेत शांघायच्या फू त्सोंग याने तिसरा क्रमांक आणि माझुर्का-वादनाचे खास पारितोषिक पटकाविले. माझुर्का म्हणजे पोलंडचे लोकनृत्य! परंतु वडिलांकडून जुने चिनी काव्य शिकलेल्या या तरुणास शोपँच्या सुरांत त्याच काव्याचे भाव भेटत.

सुवार्ता घेऊन जाणाऱ्याने आधी यजमानांचे गाणे ऐकावे, हे आमियोंच्या त्या पराभवातून आपणही शिकावे.