टायटनवरील वारा

खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चंगदेव यानें काढलेल्या मठास निकुंभ राजानें इ. स. १२०७ च्या सुमारास दिलेल्या दानाची त्यांत नोंद आहे. ग्रहांची गति गणितानें सांगणारी ही परंपरा आम्हां खानदेशकरांच्या अभिमानाची; परंतु शनीच्या चंद्रावर वारा किती वाहतो हेंही गणितानें काढतां येईल, असें त्या मठांतील कोणा विद्यार्थ्याच्या स्वप्नींही आलें नसेल.

युक्ति मात्र साधी आहे. म्हसावदसारख्या लहान स्थानकावरून न थांबतां जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येतांना चढी व दूर जातांना उतरती ऐकूं येते. डॉप्लरनें १८४२ मध्यें मांडलेलें हें तत्त्व रेडिओलहरींसही लागू पडतें.

१४ जानेवारी २००५, म्हणजे आपल्याकडे पतंगांचा दिवस. त्या दिवशीं ह्युजेन्स नांवाचें यान छत्रीस लोंबकळत टायटनवर सुमारें अडीच तास उतरत होतें. छत्री वाऱ्याबरोबर वाहते, तेव्हां यानाचा आडवा वेग तोच वाऱ्याचा वेग. तो मोजणारा ग्राहक वर फिरणाऱ्या कॅसिनी यानावर होता. पण तो चालू करण्याची आज्ञाच द्यावयाची राहिली होती! वर्षांनुवर्षांची मेहनत व्यर्थ जावयाची, ती अमेरिकेंतील ग्रीन बँक व ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील दुर्बिणींनीं वांचविली. सुमारें १२० कोटी किलोमीटरांवरून आलेला, अवघ्या दहाएक वॅट शक्तीचा तो क्षीण स्वर त्यांनीं टिपला. त्यांतून पृथ्वीचें फिरणें, टायटनची गति व यानाचें खालीं येणें वजा केलें. उरला तो वारा.

१२० किलोमीटर उंचीवर तो ताशीं सुमारें ४३० किलोमीटर होता, ८० च्या आसपास जवळजवळ पडलेला, आणि जमिनीलगत माणसाच्या चालीइतका मंद. शेवटच्या कांहीं किलोमीटरांत तर त्यानें दिशाही उलटविली.

अशा श्रवणाचा मान पुढें महाराष्ट्रासही मिळाला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा स्वर नारायणगांवाजवळील खोडद येथील तीस तबकड्यांच्या दुर्बिणीनें ऐकला. उतरण्याच्या सुमारास तो तुटला. यान मंगळावर आदळून फुटलें होतें.