घरावरील राजकीय झेंडे व फलक

निवडणुकीत खाजगी घरावर पक्षाचा झेंडा वा फलक लावण्याचा रहिवाशाचा हक्क आणि त्यावरील बंधने. आदर्श आचारसंहितेनुसार मालकाच्या परवानगीविना त्याच्या भिंतीवर, कुंपणावर पक्षकार्यकर्त्यांना काही चिकटवता येत नाही. स्वतःच्या घरावर मालक स्वखुशीने झेंडा लावू शकतो. निवडणूक आयोगाने अशा झेंड्यांची कमाल संख्या 3 ठरवली आहे. छापील फलकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव आवश्यक असते (लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951, कलम 127-क). शिवाय महाराष्ट्राचा 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम लागू आहेच.

हिंगणघाटसारख्या नगरपरिषदेच्या गावी, स्वतंत्र घराच्या मालकाला गच्चीवर बांबू उभारताना शेजाऱ्याला विचारावे लागत नाही. फ्लॅटमध्ये पेच पडतो: गच्ची, जिना, फाटक सामाईक, तिथे सहकारी संस्थेचे उपविधी आणि सर्वसाधारण सभा यांचा शब्द चालतो. बाल्कनीच्या कठड्याबाहेर लोंबणारा झेंडा नेमका कोणाच्या हद्दीत, यावरच खरी भांडणे जुंपतात.

घरावरील फलकांचा प्रश्न भारताबाहेरही उठला आहे: अमेरिकेत 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने लाड्यू शहराची घरगुती फलकांवरील बंदी रद्द केली. मात्र तेथील खाजगी रहिवासी संघांना तो निकाल थेट बांधत नाही.