तुकड्यांचा खेळ

सुटीच्या दिवसांत चार माणसें एकत्र जमावीं, चहाचे पेले किंवा पन्ह्याचीं भांडीं मध्यें यावीं, आणि एखाद्या चित्राचे शेंदोनशें तुकडे पसरून सर्वांनीं तें जुळवीत बसावें, ही करमणूक आतां आपल्याकडील घरांतूनही दिसूं लागली आहे. जिगसॉ या नांवानें ओळखला जाणारा हा खेळ जन्मला तो मात्र करमणुकीसाठीं नव्हे, शिक्षणासाठीं. सुमारें १७६० नंतरच्या दशकांत लंडनमधील नकाशे कोरणारा कारागीर जॉन स्पिल्सबरी यानें नकाशा लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतीनें कापला. मुलांनीं देशास देश जुळवावा व भूगोल शिकावा, हा त्याचा हेतु. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांनाही याच साधनानें धडे मिळाले.

प्रौढांनीं हा खेळ आपलासा केला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. १९०९ सालीं अमेरिकेंतील पार्कर ब्रदर्स या कंपनीनें आपला कारखाना कांहीं काळ या कोड्यांनाच वाहिला. तेव्हांचीं कोडीं लाकडाचीं, म्हणून महाग. आणि पुष्कळदां पेटीवर मूळ चित्रही नसे. पुढें १९३२-३३ च्या मंदींत पुठ्ठ्याचीं कोडीं साच्यानें कापून स्वस्तांत निघूं लागलीं आणि त्यांचा खप अफाट वाढला. सर्वत्र अनिश्चितता असतां, पूर्ण होईलच अशी खात्री असलेलें एखादें काम हातीं असावें, हें समाधान त्या दिवसांत लहान नव्हतें.

अशी खात्री नसलेलें एक कोडें मात्र आपल्या नगर जिल्ह्याच्या वेशीशींच पुरलेलें होतें. जनावरांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेल्या काष्टीहून पश्चिमेस न्हावऱ्याकडे निघालें, कीं घोड नदीच्या कांठचें इनामगाव लागतें. तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृति संशोधकांनीं उत्खनन केलें, आणि सुमारें इ. स. पू. १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणली. तेथील तांबड्या, काळ्या रेघांनीं रंगविलेल्या भांड्यांना जें नांव आहे, तें संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचें. कारण १९५०-५१ सालीं तेथील उत्खननांत तीं प्रथम ओळखूं आलीं. पेय ओतण्याजोगें तोटीचें भांडें हा त्यांतील खास घाट.

हीं भांडीं बहुधा फुटलेलींच हातीं येतात. चित्राच्या कडेपासून आपण आरंभ करतों, तसा संशोधक कांठाच्या तुकड्याकडे आधीं पाहतो. मग जाडी, बांक, मातीचा रंग, चाकाच्या खुणा आणि रेघ पुढें कोठें जाते हें ताडून खापरास खापर जोडतो. पेटीवर चित्र नाहीं, आणि सर्व तुकडे मिळतील असा कोणाचा शब्दही नाहीं. उणी जागा प्लास्टरनें भरावी, परंतु ती मुळापासून निराळी ओळखूं यावी, असा या कामाचा दंडक आहे.

मोठ्या चित्रासही हाच न्याय. इ. स. पू. १००० च्या सुमारास इनामगावचीं चौकोनी घरें जाऊन गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनीं त्याचा संबंध घटलेल्या पर्जन्याशीं जोडला; तो जोडही प्लास्टरच, पण उघड दिसणारा. घरांच्या जमिनीखालीं तोंडास तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत तान्हीं मुलें पुरलेलीं सांपडलीं. त्या आयांच्या मनांत काय होतें, हें आपल्या कल्पनेनें रंगविण्याचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु तो आवरणें हेंच इतिहासकाराचें खरें काम.

सुटींतलें चित्र दुसऱ्या दिवशीं मोडून पेटींत जातें. त्यांत एखादा तुकडा दडपून बसविला तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. इतिहासांत दडपलेला तुकडा मात्र पाठ्यपुस्तकांत जातो, सभांतून गाजतो, आणि दोन शेजाऱ्यांत वैरही लावतो. म्हणून मुलांना हा खेळ देतांना त्याबरोबर एवढी शिस्त अवश्य द्यावी: न बसणारा तुकडा ठोकूं नये, बाजूस ठेवावा, आणि हरवलेल्याची जागा रिकामी दिसूं द्यावी.